दोन डाव्या बाह्या

वहिनींचा उजवा हात गेला तेव्हा घरच्यांनी त्यांच्या शिलाई मशीनवर चादर टाकून दिली. इस्पितळातून परतल्यावर वहिनींनी ती पहिली ओढून काढली. "मशीन मेलेलं नाही आणि मीही नाही. कोणी टाकली ही?"

टाकली होती त्यांच्या धाकट्या दिरानं, बस ड्रायव्हर होता तो. त्यानं गुपचूप चादरीची घडी केली आणि बाहेर सटकला.

मग घरभर रद्दीचा नुसता पसारा! अर्धांगाच्या झटक्यातून पाय वाचला होता, पण हात लुळाच पडला. कात्री उजव्या हाताची. डाव्या हातात धरली की पाती फाकतात आणि कापड कापायचं सोडून मध्येच दुमडतं. वहिनी सरावासाठी अंगठा उलटा रेटून वर्तमानपत्रं कापत बसायच्या. बोटाला फोड यायचे, तोंडानं कात्रीचा उद्धार चालायचा. लुळा हात उचलून त्या कागदावर ठेवायच्या. "बसून खातोय मेला! निदान वजन म्हणून तरी उपयोगी पडू दे." ड्रायव्हरला हसू यायचं. काय बाई म्हणायची ही!

त्याचे स्वतःचे दोन्ही हात धडधाकट, आणि तो घरी बसून होता. उतारावर ब्रेक गेले होते, बस भिंतीवर आदळली होती. जखमी प्रवासी बरे झाले, चौकशीत त्याची चूक नाही असंच ठरलं. पण स्टिअरिंगचं नाव काढलं की याच्या तळव्यांना घाम! शेवटी डेपोनं निरोप धाडला: गुरुवारी साहेबांना शेजारी बसवून बस चालवून दाखवा, नाहीतर कायमचे गाड्या धुवायला जा.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "वहिनी, मी नाही जात. धुईन गाड्या."

वहिनींनी त्याच्या पुढ्यात कोरा शर्ट टाकला. डाव्या हातानं शिवलेला पहिला शर्ट. "नका जाऊ. पण घालून तर दाखवा, भावजी. एवढी हौस तरी फेडा माझी."

त्यानं घातला. कॉलर काय सुरेख बसली होती! पण उजवा हात उचलला आणि बाही काखेत करकचली. वहिनींनी एकदा ही बाही पाहिली, एकदा ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! दोन्ही डाव्याच!"

पूर्वी त्या कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या. एक डावी, एक उजवी आपोआप निघायची. आता दोन थर डाव्या हाताला झेपेनात, म्हणून एकेक कापली, आणि दुसरीच्या वेळी कागदाचा नमुना पालथा घालायचा राहून गेला.

ड्रायव्हरला वाटलं, एवढी मेहनत पाण्यात गेली, आता या खचणार. वहिनींचे डोळे भरलेच. त्यांनी ते खांद्याला पुसले, नाक ओढलं आणि उसवायचं ब्लेड शोधायला लागल्या. "काढा. उजवी पुन्हा कापते, कापड उरलंय. बघताय काय, काढा की!"

त्याला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त अभिमान वाटला, की ही आपली वहिनी. त्यानं कफाचं बटण लावलं.

"संध्याकाळी उसवा. आता मला उशीर होतोय."

त्यानं घामेजलेले तळवे पँटला पुसले आणि स्टिअरिंग धरलं. साहेब शेजारी खडूस चेहऱ्यानं बसलेले. पहिल्याच वळणावर बाही पुन्हा काखेत करकचली, जणू वहिनींनी दंड धरून म्हटलं, बघताय काय! त्याला फस्सकन हसू आलं आणि हसता हसता वळण पार पडलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब, शर्ट नवीन आहे."

संध्याकाळी वहिनी ब्लेड घेऊन दारातच उभ्या होत्या.

"चालवली?"

"चालवली."

वहिनी उंबऱ्यावरच बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मग एकदम खेकसल्या, "काढा आता तो शर्ट! असं ध्यान ड्यूटीवर पाठवू का मी?"

"दुसरा शिवा, वहिनी," तो म्हणाला. "याला मी ब्लेड लावू देणार नाही."