नाचाचं संगीत लावलं आणि म्हणालो, बसा

मंडळी, आज दुपारी मी स्वतःच्याच घरात माती खाल्ली.

या ग्रुपवर मी नाचाच्या जॅझच्या आवडत्या रेकॉर्डी टाकत असतो. आज पहिल्यांदाच तुमच्यापैकी काहींना हैदराबादेत नारायणगुड्याच्या घरी ऐकायला बोलावलं. थाट मात्र आपल्या गाण्याच्या बैठकीचा: सतरंजी, चपला बाहेर, मोबाइल बंद.

रेल्वेतून रिटायर झालेले एक अंकल बायकोला घेऊन सिकंदराबादहून आले होते. ट्रम्पेट रंगात आला तसे ते ज्येष्ठांसाठी मागे ठेवलेल्या खुर्चीतून उठले, आंटींपुढे हात केला आणि दोघं कोपऱ्यात नाचू लागली.

मी रेकॉर्डच थांबवली. "अंकल, प्लीज, बैठके सुनो ना. लोगां डिस्टर्ब हो रहे."

कोणीही डिस्टर्ब झालं नव्हतं, मी सोडून. दोघं मुकाट बसली.

निघताना आंटी हळूच म्हणाल्या, "घुटने के ऑपरेशन के बाद आज पहली बार इनों नाचने को उठे थे, बेटा."

ज्या संगीतावर पाय थांबू नयेत, त्यावर मी लोकांना नुसत्या माना डोलवायला लावल्या.

सतरंजी गुंडाळून ठेवली आहे. त्यांना परत बोलवायला फोन हातात घेतलाय. कोणत्या तोंडाने बोलू, सांगा.