पागेतले हरभरे
भिजल्या हरभऱ्यांचा वास आला की मला अजून बाबांचा राग येतो. जव्हारच्या राजांच्या पागेत ते घोडे सांभाळायचे. दसऱ्याच्या मिरवणुकीचा घोडा सारखा बिचकायचा, आणि ऐन मिरवणुकीत उधळला असता तर बाबांची नोकरीच गेली असती. जो तो सांगे, हरभरे वाढव, गूळ घाल, शांत होईल! आई कपाळावर हात मारी, “अवो, जावई हाय का तो? खाऊन माजलाय. नुसतं गवत घाला!” पण ऐकतंय कोण? मग घोड्याच्या तोंडाला बांधायचा चाऱ्याचा तोबरा भरायचं काम आईनंच घेतलं. तोबऱ्यात कोंडा नि गवत जाई, आणि हरभऱ्यांची उसळ आमच्या ताटात. दसऱ्याला ढोल वाजले तरी घोडा गाईसारखा चालला. घरी येऊन बाबा तीच उसळ खात म्हणाले, “बघ, हरभऱ्यानंच गुण आला!” आई गप्प बसली. मला मात्र अजून गप्प बसवत नाही.