तीन बोटं आणि तांदळाचा दाणा

दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं. पहिली पाळी सुटून बारा मिनिटं झाली होती आणि जानू कारखान्याच्या फाटकाशेजारच्या ओट्यावर बसून पक्ष्याची शेपटी तासत होता. चाकू घडीचा, शिंगाच्या मुठीचा. पालघरच्या बाजारात घेतला तेव्हा पातं अंगठ्याएवढं रुंद होतं. घासून घासून आता करंगळीएवढं उरलं होतं.

जानू बोईसरच्या या कापड कारखान्यात १९८० पासून होता. आता अठ्ठ्याऐंशी साल चाललं होतं. पाळी संपली की तासभर इथे बसून तो लाकूड तासायचा. मशीनच्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळत. त्यातून चमचे, फण्या, पक्षी निघत आणि ज्याला हवे त्याला जात. वॉचमन पांडेच्या खिडकीत सहा पक्षी होते. "जानूभाऊ, एक दिन उड़ जाएँगे सब," असं तो रोज म्हणायचा. जानू हसायचा. हात चालू असले की डोक्यातला मागांचा खडखडाट हळूहळू उतरतो, एवढंच तो या छंदाबद्दल सांगतो.

त्या दिवशी मात्र त्याचं निम्मं लक्ष रस्त्याकडे होतं. नवापूरची त्याची वहिनी, वत्सला, मासळी विकून परतताना या फाटकावरून जाते. आठ दिवसांपूर्वी त्याने तिच्याकडे एक सागाची पट्टी दिली होती, भाऊ विश्रामसाठी. विश्राम ती ठेवून घेतो की नाही, हे आज कळायचं होतं.

जाळं विणताना प्रत्येक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, सारखं यावं म्हणून दोरा अशा पट्टीवर वळवून गाठ मारतात. नवापूरला ती पट्टी इंचांत मोजत नाहीत. विणणाऱ्याच्या बोटांवर मोजतात. विश्रामचं जाळं तीन बोटी. घरातल्या पट्ट्या लहानपणापासून जानूच कोरायचा. शेवटची गेल्या पावसाळ्यात मोडली, तेव्हापासून विश्राम नुसत्या बोटांवर विणतो, असं वत्सलाने बोलता बोलता सांगितलं होतं.

भावाभावांत भांडण असं झालं नव्हतं. कारखान्यात नाव लागल्याचं कळलं आणि भर हंगामात जानू होडीवरून उतरला. माणूस कमी पडला म्हणून होडी अकरा दिवस किनाऱ्याला राहिली. विश्राम काही बोलला नाही. त्या न बोलण्यामुळे जानू आठ वर्षं नवापूरला गेला नाही. लग्नकार्याला चिंचणीपर्यंत जातो, तिथून परततो. बोईसर ते नवापूर नऊ-दहा किलोमीटरचंच अंतर आहे.

साडेतीनला वत्सला आली. रिकामी पाटी खाली ठेवून तिने कमरेच्या पिशवीतून पट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"परत दिली?" जानूने विचारलं.

"कमी हाय म्हणतो. हात-दीड हात विणलं, तर जुन्या जाळ्याला जोडल्यावर आखडाय लागलं. सगळं उसवलं."

जानूला पटेना. विश्रामची तीन बोटं म्हणजे आपली तीन बोटं आणि वर तांदळाचा एक दाणा, हा हिशेब त्याला झोपेतही चुकला नसता. त्याने पट्टी डाव्या हाताच्या तीन बोटांवर आडवी धरली. बरोबर दाण्याएवढीच जास्त होती. मग वत्सलाने त्याचा हात धरून उलटा केला. तळव्यावर दोराचे घट्टे नव्हते. बोटांची पेरं बारीक झाली होती, नखांच्या कडेला सुताचे पांढरे तंतू होते.

"भावजी, माप नाय चुकलं," ती म्हणाली. "हात बदललाय तुमचा."

जानूने वत्सलाला विचारलं, विश्राम रागावला काय.

"रागावला असता तर चुलीत गेली असती. दीड हात विणलं कशाला असतं?" तिने पाटी उचलली. चार पावलं गेल्यावर थांबली, निरोप आत्ता आठवल्यासारखी. "आनि म्हणाला, माप पायजे तर येऊन घे. बोटं काय मी पिशवीत घालून पाठवनार नाय."

ती एस. टी.साठी निघून गेली. जानूने पट्टी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. नवी पट्टी रुंद करावी लागणार होती, म्हणजे नवं लाकूड. त्याने पांडेकडून मोडक्या दाराच्या चौकटीतला सागाचा हातभर तुकडा मागून घेतला आणि चाकू मिटला. पक्षी ओट्यावरच राहिला, शेपटीपर्यंत झालेला.

उद्या शुक्रवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. बोईसरहून नवापूरची पहिली एस. टी. सकाळी सहा दहाला सुटते.