उलटं चढवलेलं धनुष्य

तिरंदाजीच्या निवडीच्या दिवशी सकाळी चंद्रभागा मॅडम सुवर्णाला न्यायला तिच्या वडलांच्या, नागोरावांच्या दारात आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. समोर देवापुढं कुऱ्हाड होती, विळे होते, वखराची पास होती. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूची फुलं. आणि मधोमध, नवरदेवासारखं सजून, शाळेचं तपकिरी धनुष्य बसलं होतं.

उलटं.

"कसं दिसून राह्यलं मॅडम?" नागोराव म्हणाले. त्यांचा आवाज असा, की कानात सांगितलं तरी शेजारच्या वावरातले बगळे उठावेत. "खंडेनवमीले पुजलं. पोरीनं दोरी काढून ठेवली होती. देवापुढं बिनदोरीचं हत्यार ठेवतेत का कुठं? म्या चढवली. लय कडक हाय बरं! मी अन् शेजारचा पंढरी, दोघानं मिळून वाकवलं."

"कोणत्या बाजूनं चढवली हे दिसलं नाही का दादा?"

"बाजू काय पाहाची? जिकडं वाकलं हाय तिकडं दोरी. आमी लहानपनी बांबूचे तिरकमठे काय कमी केले?"

चूक तशी सरळ मनाची होती. बांबूचा तिरकमठा जिकडं वाकतो तिकडंच त्याची दोरी. पण हे धनुष्य रिकर्व्ह जातीचं. दोरी काढली की त्याची दोन्ही पाती पुढं, निशाणाच्या बाजूला वळतात. चढवताना त्यांना त्या वळणाच्या विरुद्ध मागं आणायचं असतं. त्या विरोधातच त्याचा सगळा जोर. नागोरावांनी ते होतं त्याच बाजूला आणखी वाकवून बांधलं, आणि खंडेनवमीपासून दसरा ओलांडून आजपर्यंत ते तसंच ताणलेलं होतं.

सुवर्णा आतून वेणी बांधत आली. तिनं धनुष्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं, आणि वेणी हातातच राहिली.

"मी मामाच्या घरून रातीच आली मॅडम," ती पुटपुटली. "म्या देव्हाऱ्याकडं पाह्यलंच नाही."

चंद्रभागा मॅडम ओरडल्या नाहीत, आणि त्यानंच सुवर्णा जास्त घाबरली. शाळेत मॅडमची नक्कल न करता येणारं पोर नव्हतं. कंबरेवर हात, हनुवटी वर, आणि नाकातून: "बाण न लावता दोरी सोडली, तर हात उखडून त्याचीच दोरी करीन!" मधल्या सुट्टीत हे वाक्य बाजारहत्नूरच्या शाळेत दहा कोपऱ्यांतून ऐकू यायचं.

चंद्रभागाबाईंचे वडील दुसऱ्यांच्या कापसात राबले. बाई स्वतः अनवाणी धावून जिल्ह्यात पहिल्या आल्या, त्या जोरावर खेळाच्या शिक्षिका झाल्या. केस पिकायला लागले तेव्हा वरून हुकूम आला, शाळेत तिरंदाजी सुरू करा. हुकमाबरोबर धनुष्य मात्र आलं नाही. नवं, धातूच्या मुठीचं घ्यायचं तर शाळेचं छप्पर विकावं लागलं असतं. मग कुणीतरी सांगितलं की नागपुरात एका क्लबानं जुनी लाकडी धनुष्यं अडगळीत टाकलीत, मातीमोल देतायत. बाई बसनं गेल्या.

तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकानं त्यांना ती धनुष्यं वाचायला शिकवली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशातल्या कारखान्यांनी कॉलेजांसाठी आणि हौशी लोकांसाठी ही हजारोंनी केली. मधे लाकडाच्या पातळ पट्ट्या, पुढूनमागून काचेच्या धाग्यांचा थर, सगळं डिंकानं एकजीव. मग सुटी पाती लावायची धातूची धनुष्यं आली आणि ही एकसंध लाकडं कपाटामागं गेली. वाईट होती म्हणून नाही. जुनी दिसायला लागली म्हणून.

"उभ्या रेघांना घाबरू नका," म्हातारा म्हणाला होता, "त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या. आडवी रेघ दिसली तर मात्र हात लावू नका. पातं पिळलेलं नको. उन्हात, बंद गाडीत ठेवू नका, डिंक सुटतो. आणि दोरी जुन्या पद्धतीची, थोडी ताणणारी."

ते शेवटचं खरं निघालं. पुढच्याच वर्षी एका दुकानदारानं "ले लो मॅडम, एकदम लेटेस्ट, ज़रा भी खिंचता नै" म्हणून न ताणणारी बारीक दोरी गळ्यात मारली, आणि दुसऱ्या एका धनुष्याचं टोक त्या दोरीनं कापून निघालं. तेव्हापासून चांगल्यातलं हे एकच तपकिरी उरलं होतं. आणखी दोन होती. एक लहान्यांचं, दुसरं इतकं कडक की ओढताना सुवर्णाची मान थरथरायची. आणि सुवर्णाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. आज पहिल्या चौघींत आली तर राज्याला जाणार, तिथून क्रीडा वसतिगृहाचं दार उघडणार. नाहीतर काहीच नाही.

बाईंनी नागोरावांना समोर बसवलं, दोघांनी धनुष्य हळूच वाकवून गाठ सोडली. पाती सैल झाली. बाईंनी ती उजेडाकडं धरली, पण हळदकुंकवाच्या वाळलेल्या लेपाखाली काही दिसेना.

"हे पुसावं लागेल," त्या म्हणाल्या.

चुलीजवळून वच्छलाबाई, सुवर्णाची आजी, उठून आल्या. "पूजेचं पुसतेत का माय? अन् तुमी...?"

वाक्य तिथंच थांबलं. बाईंचं घर बौद्ध, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बाईंनी हात मागं घेतला.

"मी पुसतो आजी," सुवर्णानं ओढणीचं टोक ओलं केलं. "फुटलं तर माह्याच तोंडावर फुटन. मंग कुंकू कोनाले लावशीन?"

"मेली, शुभ बोल!" म्हणत म्हातारीनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

खालच्या पात्यावर लेपाखालून एक रेघ निघाली. उभी. बाईंनी श्वास सोडला. मग रेघेच्या शेवटी ती किंचित वळल्यासारखी दिसली, किंवा उजेडानं तसं वाटलं. "वातीचा कापूस आण." सुवर्णानं आणला. बाईंनी कापसाचा पुंजका पात्यावरून हळू ओढत नेला. काचेचा थर उचलला असेल तर कापूस अडतो. पुंजका घसरत गेला, घसरत गेला, आणि त्या वळणाशी एक तंतू मागं राहिला.

एकच तंतू.

"काय म्हन्ते मॅडम?" नागोरावांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं.

"माहीत नाही दादा."

इच्चोड्यापर्यंत ऑटो, पुढं बस. धनुष्य बाईंच्या मांडीवर होतं. सुवर्णा खिडकीबाहेर बघत होती आणि मधेच विचारत होती, "वापराचं ना मॅडम?" बाई दर वेळी म्हणत होत्या, "बघू." गुडीहत्नूर मागं पडलं तेव्हा त्यांनी ठरवलं. आधी स्वतः ओढायचं. फुटलं तर आपल्या हातात.

आदिलाबादच्या मैदानावर साहित्य तपासणाऱ्या सरांनी ते हातात घेऊन वर-खाली केलं आणि तेलुगूत सुरुवात करून हिंदीत विचारलं, हे कुठून आणलं. "एंदम्मा, इदी एक्कडनुंची? म्यूझियम से लाये क्या? ये फटेंगा नै ना?"

"नै सर," बाई म्हणाल्या.

मैदानाच्या कडेला जाऊन त्यांनी दोरी चढवली, या वेळी बरोबर बाजूनं. पोरीला लांब उभं केलं आणि मान शक्य तितकी वळवून ओढलं. थोडं. अर्धं. हनुवटीपर्यंत. कान पात्याकडं. चांगलं लाकूड ओढताना कुरकुरत नाही, फक्त दोरीचा बारीक 'ऊं' येतो. तेवढाच आला. त्यांनी दोरी न सोडता हळू परत आणली. पुन्हा ओढलं. खांदा भरून येईपर्यंत ओढलं. 'ऊं'. बस.

"ऐक," त्यांनी सुवर्णाचा दंड धरला, "चट्ट असा आवाज आला, तर सोडायचं नाही. हळू परत आणायचं. आवाज म्हणजे थर सुटला. कळलं?"

"हो."

"काय कळलं?"

सुवर्णानं कंबरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि नाकातून म्हणाली, "आवाज आला अन् बाण सोडला, तर हात उखडीन!"

बाईंना हसू आलं नाही.

रांगेत बाकीच्या मुलींच्या हातात रंगीत धातूची धनुष्यं, त्यांचे बाण सुटताना 'टक्', कोरडा, शिसपेन्सिल मोडावी तसा. सुवर्णाच्या तपकिरीचा आवाज निराळा: 'थुंब', भरलेल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. मागून एक मुलगी खुदकली, "भजन चालू आहे की काय?" पण 'थुंब' झालं की बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात किंवा त्याभोवतीच्या लालमध्ये दिसत होता, आणि थोड्या वेळानं खुदकणं थांबलं. बाईंनी गुण बघणंच सोडलं, फक्त ऐकत राहिल्या.

शेवटची फेरी आली तेव्हा सुवर्णा चौथी होती आणि पाचवी अगदी मागं चिकटलेली. शेवटचा बाण राहिला. सुवर्णानं ओढलं. दोरी हनुवटीला टेकली.

चट्ट.

"सोडू नको!" बाई ओरडल्या. इतक्या जोरात, की शेजारच्या दोघींचे बाण भरकटले.

"मॅडम! सायलेन्स! आऊट कर दूंगा आपको!" सर शिट्टी दाखवत धावले.

सुवर्णानं हळू, अगदी हळू दोरी परत आणली. धनुष्य शाबूत. तिनं मान वळवून बाईंकडं पाहिलं. वेळ संपत आली होती. बाईंनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. बाण सोडला नाही तर शून्य, शून्य म्हणजे पाचवी, पण डोळे तर राहतील.

"मॅडम," सुवर्णा मोठ्यानं, अगदी सहज म्हणाली, "मले काहीच ऐकू नाही आलं. बाजूच्या रिकाम्या बाटलीवर कोनाचा पाय पडला असन."

बाईंनी खाली पाहिलं. बाटली होती. खरंच होती. कुणाच्या तरी पायाखाली चेपलेलीसुद्धा. त्या क्षणी त्यांना स्वतःच्या कानांचा भरवसा वाटेना, आणि त्या एका क्षणात सुवर्णानं पुन्हा ओढलं.

थुंब.

बाण लाल आणि निळ्याच्या सीमेवर बसला. सरांनी वाकून, चष्मा सारखा करून पाहिलं, रेघेला टेकलेला होता, म्हणून जास्त गुणांचा लाल. थोड्या वेळानं त्यांनी नावं वाचली, आणि चौथं नाव त्यांच्या तोंडून "सुवर्णम्मा, बाजारहत्नूर" असं आलं. सुवर्णा उडी मारायची थांबेना.

बाई मात्र धनुष्य घेऊन कडुलिंबाखाली गेल्या आणि दोरी उतरवली. पातं पुढं वळलं, आणि खालच्या बाजूला काचेचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा, वीतभर, सुटून उभा राहिला. अजून एक ओढ, फार तर दोन, आणि ते फुटलं असतं.

सुवर्णा मागून आली. तिनं पापुद्रा पाहिला आणि आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

"तुला ऐकू आलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"तुमी पन तर आयकलं. तुमी थांबवलं, मी थांबली. मंग मीच चालू केलं."

बाईंचा हात उगारला गेला. "अगं, डोळा गेला असता तुझा! डोळा!"

"एक तर नेम धरताना मिटूनच राह्यते ना मॅडम," सुवर्णा म्हणाली.

उगारलेला हात तसाच राहिला. मग बाई मटकन खाली बसल्या, पापुद्रा सुटलेलं धनुष्य मांडीवर, आणि कितीतरी वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. हसतायत की रडतायत, ते सुवर्णाला कळेना. मैदानात काहीही बोलू शकणारी ती पोर आता घाबरली आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

"मॅडम? ओ मॅडम?"

बाईंनी तिची वेणी मुठीत धरली. घट्ट, दुखेल इतकी. बस सुटायची वेळ होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.