पक्कीच्या पायाची बोटं

पार्सलच्या गोदामात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, पक्की. ‘पक्कीने बांधलंय ना, मग फेका खुशाल,’ असं गाडीवाले म्हणत, आणि खरोखर फेकतही. काचेची भांडी असोत, दिवे असोत, की कुणा म्हातारीने लेकीला पाठवलेली लोणच्याची बरणी असो, पक्कीच्या हातचं खोकं कधी खुळखुळलं नाही. नव्या मुलींना ती दोन गोष्टी दरडावून सांगे. खोकं भरलं की कानाशी धरून हलवायचं; आतली वस्तू हलली म्हणजे ती फुटलीच असं समजायचं. आणि दोरी अशी ओढायची की तिच्याखाली करंगळीसुद्धा शिरता कामा नये. देव एकेकाच्या हातात एकेक गुण घालून पाठवतो. हिच्या हातात त्याने आवळणं घातलं होतं.

तिला धावायला लावलं ते मात्र भीतीने.

तिच्या आईला शुगर होती. आधी आईच्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग बोटं मुकी झाली. मुक्या बोटात एकदा खडा रुतला, तो आईला कळलाच नाही. कळलं तेव्हा बोट काळं पडून गेलं होतं. बोट काढलं, मग पाऊल काढलं, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. शेवटी शेवटी आई पलंगावर बसून नसलेल्या पायाची नसलेली बोटं खाजवायला वाकायची आणि हात चादरीवर आपटून घ्यायची. ज्याने ते पाहिलं ते माणूस दुसरं काही विसरेल, ते विसरणार नाही.

आई गेल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पक्कीला म्हणाल्या होत्या, “आईला होती, म्हणजे तुम्ही जपायचं. रोज चाला, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.” चालणं तिने लगेच मनावर घेतलं. रक्ताच्या वाटेला ती कधी गेली नाही. तपासलं नाही तोवर नाहीच, असा तिचा सोयीचा हिशेब. चालण्याचं धावणं झालं, धावण्याला धाकटी नणंद येऊन मिळाली, आणि दोघी सकाळी उठून शहराच्या कडेकडेने पळू लागल्या.

नणंद बँकेच्या दारावर पहारा देई. उंच, शेलाटी, आणि जिभेला हाड नाही. “दिवसभर उभं राहून माझ्या पायांना मुळं फुटतात,” ती म्हणे, “म्हणून सकाळी उपटून आणते.” शहराला वळसा घालणारी लांब पल्ल्याची एक शर्यत होती, तिच्यात तिने स्वतःबरोबर वहिनीचंही नाव परस्पर देऊन टाकलं. “घाबरू नकोस गं वहिनी. पहिली नाही आलीस तरी माझा भाऊ तुला घराबाहेर काढणार नाही.”

एवढं लांब धावायचं म्हणून पक्कीने नवे बूट घेतले. सकाळी कामावर जाता जाता दुकानात शिरली. दुकानदाराने पाय बघून एक नंबर मोठा बूट पुढे केला. “ताई, लांब धावताना पाय फुगतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्या.”

पक्कीने बूट घातला, पाय उचलून हलवला. “हा आत हलतोय.”

“थोडा हलायलाच हवा.”

“हलतं ते फुटतं, दादा,” पक्की म्हणाली, आणि घट्ट बसणारा लहान जोड घेऊन बाहेर पडली. वर जाड मोजे घेतले, राहिलेली फट भरायला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी कालव्याच्या पुलावर तिच्या उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या.

अगदी बारीक. पायावर पाय ठेवून बसल्यावर येतात तशा. दुसरी कुणी असती तर तिने पाय झटकला असता आणि पुढे गेली असती. पक्कीच्या मात्र अंगावरून थंडगार काहीतरी उतरलं. आईचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला, ‘बोटांना मुंग्या येतात गं.’ ती थांबली. पाय बुटात सरकत असेल, तेच कारण असेल, असं तिने मनाला बजावलं, आणि वाकून लेस आणखी ओढली. मुंग्या थांबल्या. त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. चार पावलांनंतर तिला कळलं की बोटं जमिनीला टेकतात की नाही, हेच आपल्याला कळत नाहीये.

घरी येऊन बूट काढला तेव्हा अंगठ्याचं नख कडेने काळं पडलेलं होतं.

त्या दिवसापासून ती मोजे घालून झोपू लागली. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. बारीकसा ओरखडाही त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तर मोजे. “पायांना गार वाटतं का गं?” त्याने विचारलं. “हो, जरा,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. संसारात एवढं मोठं खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल.

गोदामात जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवायच्या जागी जाऊन दाराला कडी घाले, आणि पावत्या टाचायच्या टाचणीने एकेक बोट टोचून बघे. अंगठा, लागलं. शेजारचं, लागलं. दर टोचणीला मनात देवाचं नाव. करंगळीपर्यंत पोचली की जीव भांड्यात पडे. पण सकाळी धावून आल्याआल्या टोचलं तर काही लागत नसे. बोट जणू शेजारणीचं. मग ती न्हाणीघरात स्टुलावर बसून राही आणि ते परत आपलं होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. रोज ते परत येई. आज येणार नाही, असं तिला रोज वाटे.

एवढी भीती होती तर धावणं का नाही थांबवलं? थांबवलं की आजार गाठणार, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि धावलं की बोटं मरत होती. इकडे आड, तिकडे विहीर. मध्ये ती, आणि दर सकाळी आणखी ओढून बांधलेली लेस.

शर्यतीआधीची सगळ्यात लांब फेरी होती. कारखान्यांच्या रस्त्याला लागेपर्यंत नणंद पुढे निघून गेली होती. पक्कीचा उजवा पाय आता पुढून अर्धा नव्हताच. टाच कळत होती, चवडा कळत नव्हता. लाकडाचा ठोकळा बांधून पळावं तसा आवाज येत होता, धप्, धप्. मग बुटात काहीतरी ओलं लागलं. ओलं आहे हे तिला बोटांनी कळलं नाही, तळव्याच्या मध्यावर आलं तेव्हा कळलं.

ती एका बंद फाटकाच्या पायरीवर बसली. बुटाला हात लावायची तिची छाती होईना. आत काय निघेल?

नणंद मागे वळून आली. “काय गं वहिनी, पायरी आवडली? भाड्याने घेतेस का?”

“माझा पाय गेला,” पक्की म्हणाली.

“कुठं गेला? हा काय.”

“गेला गं. आईसारखा.” आणि मग तिच्या तोंडून सगळंच सांडलं, मुंग्या, टाचणी, मोजे, काळं नख. नणंदेच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती गुडघ्यावर बसून लेस सोडवू लागली, पण ती गाठ काही साधी नव्हती. शेवटी घराच्या किल्लीचं टोक घालून तिने ती उचकटली आणि बूट ओढून काढला. मोज्याचं टोक लाल झालं होतं. अंगठ्याचं नख मुळापासून सुटून आलं होतं, आणि पक्कीला त्याची वेदना नव्हती. रक्तापेक्षा त्याच गोष्टीने ती ओरडली.

नणंदेने गाडी थांबवून तिला सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. तोवर पाय जागा होऊ लागला होता आणि असा काही ठणकत होता की पक्कीच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाई म्हणाल्या, “आता डोळे मिटा. कापूस लावते. लागला की सांगा.”

डोळे मिटणं फार अवघड गेलं. अंधारात ती वाट बघत राहिली. काहीच नाही. काहीच नाही. तिने नणंदेचा हात दाबला.

“अहो, अजून लावलाच नाही,” बाई म्हणाल्या. “हं, आता?”

“लागलं.”

“आता?”

“करंगळी.”

“बरोबर. मुंग्या घरी बसल्या बसल्या येतात का?”

“नाही. धावतानाच.”

“दुसरा बूट पायात आहे ना? तो सोडून परत बांधा. रोज बांधता तसा.”

पक्कीने पाय स्टुलाच्या दांड्याला रेटला आणि दोन्ही हातांनी लेस ओढली. बाईंनी तिच्याखाली बोट घालून बघितलं. “करंगळीसुद्धा शिरत नाही हो.”

“शिरता कामाच नये,” पक्की सवयीने बोलून गेली.

नणंदेला राहवलं नाही. “बाई, हिला वाटतं पाय पार्सलने पाठवायचाय!”

डॉक्टरीणबाईही हसल्या, मग गंभीर झाल्या. पावलाच्या वरच्या बाजूने बोटांकडे नस जाते, ती रोज लेसेखाली चिरडत होती. पाय धावताना फुगत होता आणि बुटात त्याला जागाच नव्हती. नख पुढच्या बाजूला आपटून आपटून मेलं. “खोक्यातली वस्तू वाढत नसेल,” त्या म्हणाल्या, “पाय वाढतो. बूट मोठा घ्या, संध्याकाळी, पाय फुगलेला असताना, जाऊन घ्या, आणि लेस वर सैल ठेवा.”

“म्हणजे हे आईचं नाही ना?”

“हे बुटाचं आहे. आईचं आहे की नाही ते रक्त सांगेल. उद्या सकाळी काही न खाता या.”

सुटले असं वाटतंय तोच दाराची कडी बाहेरून लागावी, तसं तिला झालं. इतके दिवस भिण्यासाठी निदान पाय तरी होता, धरायला, टोचायला. आता भीती अंगभर झाली.

संध्याकाळी तिने देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. रक्तात जे असेल ते आत्ताच आहे. ते आता बदल, असं देवाला कसं म्हणायचं? शेवटी ती एवढंच म्हणाली, उद्या मला दवाखान्याच्या पायरीपर्यंत ने, पुढचं मी बघते. नवऱ्याला तिने बोट दाराला ठेचलं म्हणून सांगितलं.

देवाने नेलं. रक्त देताना तिने मान वळवली. दुपारी निकालाला बोलावलं होतं. गोदामात तिने त्या वेळात बांधलेली सगळी खोकी दुसऱ्या मुलीने परत बांधली. पक्कीच्या दोरीखाली करंगळी सहज शिरत होती.

“काठावर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“काठावर म्हणजे? आत की बाहेर?”

“बाहेर. पण अगदी कडेला. खाणं सांगते तसं सांभाळा. जखम भरली की धावा, तेच तुम्हाला बाहेर ठेवेल. काही महिन्यांनी रक्त पुन्हा. आणि पाय रोज बघायचे, तळवेसुद्धा. आपले आपल्याला नीट दिसत नाहीत, घरात कुणाला तरी दाखवा.”

नणंद दाराबाहेर उभी होती. पक्कीचा चेहरा बघून ती तिच्या काखेत हात घालून चालू लागली. शर्यत यंदा ती एकटी धावणार होती. “हळू धावते,” कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, “पुढच्या वेळी तुला मला हरवायला बरं.”

त्या संध्याकाळी नवरा दुकानातून आला, तोंड धुऊन खुर्चीत बसला. पक्की समोर स्टूल ओढून बसली. मोजे काढले. पट्टी बांधलेला पाय आणि दुसरा पाय, दोन्ही पुढे केले आणि सगळं सांगितलं.

तो पट्टीकडे बघत म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर खरं झालं असतं, अहो.”

तो रागावला होता. राग गिळून त्याने दिवा जवळ ओढला, तिचा डावा पाय मांडीवर घेतला, आणि काच उजेडाकडे धरून फिरवावी तसा हळूहळू फिरवू लागला. बोटांच्या मधून, टाचेच्या कडेने. मग एकदम थांबला. वाकला.

“काय आहे?” ती पुढे वाकली. “अहो, काय आहे? सांगा ना.”

त्याने नखाने खरवडलं. “साबण वाळलाय.”

ती हसली नाही. उजवा पाय उचलून पट्टीसकट त्याच्या मांडीवर ठेवला. “हाही बघा,” ती म्हणाली. “नीट बघा.”