देखूत

चर्चमध्ये प्रार्थना संपली, की सगळे ‘आमेन’ म्हणायचे आणि मागच्या बाकावरून कृपाअक्का म्हणायच्या, “देखूत.” देखूत म्हणजे आपल्या खानदेशीत ‘बघू या’. पाळकसाहेबांनी पावसासाठी प्रार्थना केली, तरी देखूत. सरकारला सद्‌बुद्धी दे म्हटलं, तर दोनदा देखूत. नवीन माणूस दचकून मागे वळायचा. आम्हाला सवय झाली होती. मी पेटीवर बसायचो आणि तो शब्द कानावर आल्याशिवाय पुढच्या गीताचा सूर धरायचो नाही.

धुळे-चाळीसगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. अक्का तिथे नर्स. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढरं लुगडं, आणि बोलणं सदैव चढ्या आवाजात. नाव कृपा ठेवणाऱ्याला पुढचं काही दिसलेलं नसणार. एरवी त्या आमच्यासारखंच मराठी बोलत, पण चिडल्या की थेट खानदेशीवर येत. त्यामुळे आम्ही त्यांच्याकडून मराठी फार कमी ऐकलं.

नाताळाआधीचे चार रविवार आमच्याकडे आगमनकाळ पाळतात. हे दिवस वाट पाहण्याचे. पण आमच्या तरुण मंडळींना दम कुठला? एका वर्षी दुसऱ्याच रविवारी त्यांनी ‘तारणारा जन्मला’ अशा अर्थाचं गाणं ढोलकीवर सुरू केलं. अक्का उठल्या आणि ढोलकीवर तळहात दाबून म्हणाल्या, “आजून कळा बी उन्यात नही, आनि तुम्ही पेढा वाटी राह्यनात?” पाळकसाहेबांनी आगमनकाळाचा अर्थ वर्षानुवर्षं समजावला होता. तो आम्हाला त्या दिवशी कळला.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लागोपाठ वाईट वर्षं आली. विहिरी आटल्या, निम्मा कापूस हातचा गेला, माणसं कामासाठी सुरतेकडे निघाली. आणि नेमक्या त्या हिवाळ्यात मिशनच्या ट्रस्टने दवाखान्याला कुलूप घातलं. परवडत नाही, असं कारण दिलं. खरं कारण गावातल्या कुत्र्यामांजरालाही ठाऊक होतं. जागा हमरस्त्यावरची होती आणि तिथे लॉज बांधू पाहणारं गिऱ्हाईक ट्रस्टच्या ऑफिसात चहा पिऊन गेलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. ट्रस्ट ह्या शब्दाचा अर्थ ‘विश्वास’ असा मुलांना सांगताना तेव्हापासून माझी जीभ अडखळायची. ह्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

कुलपाची किल्ली चर्चचे सेक्रेटरी येशुदासभाऊ यांच्याकडे होती. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. ते फक्त “वरून परवानगी येऊ द्या” एवढंच म्हणत.

आगमनकाळाचा पहिला रविवार आला. पाळकसाहेबांनी आशेची मेणबत्ती लावली आणि मऊ आवाजात सांगितलं, “बंधुभगिनींनो, काळ कठीण आहे. आशा ठेवा. प्रभूची वाट पाहा.”

अक्का उभ्या राहिल्या. “आशा ठेवा म्हंजे काय? लोनचं शे का ती, बरनीमा ठेवाले? आनि वाट देखा म्हंतस. घरमा बशीसन वाट दिसस का? वाट देखानी व्हई ते रस्तावर जाईसन उभं राहनं पडस! बाई अडनी ते मी हात जोडीसन बठस का? पानी तपाडस!”

आणि त्या चालू उपासनेतून निघून गेल्या. मी पेटीवर हात ठेवून तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना पाहिलं, तर बंद दवाखान्याच्या ओट्यावर अक्का हजर. तीन दगडांची चूल, तिच्यावर भगोनं, त्यात उकळतं पाणी. दोरीवर जुन्या लुगड्यांची उकळून धुतलेली फडकी वाळत घातलेली. रोज तेच. दुपारी पाणी निवलं की बाजूच्या लिंबाला घालायचं, पुन्हा नवं भरायचं. दुष्काळात पाण्याची ही नासाडी बघून लोक कुजबुजले. येशुदासभाऊ समजवायला गेले.

“कोण येणार आहे, अक्का? सगळ्यांना माहीत आहे, दवाखाना बंद झाला.”

“जी येई ती.”

“ट्रस्टला कळलं तर मला बोलणी बसतील.”

“मंग बसू द्या. बाळंतपनना दुखनापेक्षा कमीच दुखी.”

तिसऱ्या आठवड्यात, मी दुपारच्या सुट्टीत ओट्याशी थांबलो असताना, ती आली. कापूस वेचायला गेलेली जेमतेम विशीची भिल्ल पोर, बैलगाडीत कापसाच्या पोत्यावर आडवी, ओठ पांढरेफटक. नवरा गाडीशेजारी धावत होता. धुळ्याची एसटी तासाभरापूर्वी निघून गेली होती. अक्कांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि येशुदासभाऊंकडे माणूस पाठवला. भाऊ आले, किल्ली खिशात होती, पण हात काही खिशात जाईना. “मला परवानगी नाही हो अक्का. ट्रस्टला विचारल्याशिवाय मी कसं उघडू?” त्यांना रडू येत होतं. मला त्या रडण्याचाही संताप आला.

अक्का त्यांच्याशी एक शब्दही भांडल्या नाहीत. तडक चर्चच्या मागच्या खोलीत गेल्या आणि कबरी खणायची पहार खांद्यावर टाकून आल्या. “मरेलसाठे निंघस ही. जित्तीसाठे नही का?” पहिल्या घावात कुलूप वाकलं, दुसऱ्यात कोयंड्यासकट निघून आलं. पाणी तापलेलंच होतं. मी आणि तिच्या नवऱ्याने पोरीला उचलून आत नेलं आणि बाहेर येऊन उभे राहिलो. उन्हं कलायच्या आत आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. दोघी जगल्या.

चौथ्या रविवारी चर्चच्या पंचांनी अक्कांना बोलावलं. ट्रस्टच्या मालमत्तेची नासधूस झाली, तर भर चर्चमध्ये माफी मागावी, असा निरोप होता. अक्का पुढे आल्या. “मांगसू. पन पहिले ज्यानी कुलूप लावं तो मांगो.” कुणीच उठलं नाही. मग बायकांच्या बाजूने एकेक जण उठली आणि अक्कांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं त्यांनीच केली होती. येशुदासभाऊंची बायको सगळ्यांत पुढे होती.

दाराला नवीन कुलूप काही लागलं नाही. गिऱ्हाइकाने दुसरीकडे जागा घेतली. पुढे धुळ्याची एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येऊ लागली, आणि अक्का तर रोजच होत्या.

काही वर्षांनी अक्का गेल्या, त्याही आगमनकाळातच. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. शेवटच्या दुपारी पाळकसाहेब खाटेजवळ बसले आणि म्हणाले, “अक्का, आता शांत व्हा. मनात राग घेऊन जाऊ नका.”

अक्कांनी डोळे उघडले. “राग लिसनच जासू. तठे जाईसन त्याले बी इचारसू, येवाले इतला उशीर का बरं करा तुनी?”

बाहेर आल्यावर पाळकसाहेब मला म्हणाले, “मास्तर, शेवटपर्यंत बाईचा विश्वास काही पक्का झाला नाही.” मी आयुष्यात पाळकसाहेबांना उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, “साहेब, जो येणारच नाही असं वाटतं, त्याला उशीर का केलास म्हणून कोण विचारतं?”