तिसरी फळी

इनपुटच्या तारेला उजव्या हाताचे बोट लावायचे, डावा तळहात स्पीकरच्या कागदी पडद्यावर अलगद टेकवायचा आणि डोळे मिटायचे. स्पीकर घुंऽ करू लागला की काका डोळे उघडत आणि म्हणत, "बोलतोय." डहाणूच्या आमच्या कॉलेजातील प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटर होता, ऑसिलोस्कोप होता, तरी अ‍ॅम्प्लिफायर चालतो की नाही, याचा अखेरचा निर्णय त्या बोटाचा असे.

काका आमचे प्रयोगशाळा सहायक. राहायला चिंचणीला, घर मच्छीमाराचे. शाळकरी वयात ते बापाच्या बोटीवर इंजिनाशेजारी बसत आणि खाऱ्या हवेने रेडिओ बंद पडला की तो उघडत. सोल्डरिंग तिथेच शिकले. माझ्या शेवटच्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि ती त्यांना याच खोलीत काढायची होती. "भांडारात नेऊन बसवलं, तर दोन महिन्यांत म्हातारा होईन," असे ते मध्येच, कोणी काही विचारलेले नसताना म्हणत. असे एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपण ते वाक्य सवय म्हणून सोडून देतो. मीही सोडून दिले.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. सिग्नल एका पायाने आत जातो, दुसऱ्याने बाहेर पडतो आणि उरलेला पाय दोन्ही बाजूंना सामाईक राहतो. तो कोणता, यावरून अ‍ॅम्प्लिफायरची जात ठरते. काकांनी या तिन्ही जोडण्या घोलवडच्या चिकूच्या पेट्यांच्या फळ्यांवर कायमच्या बसवल्या होत्या. एका फळीवर छापील चिकूचा अर्धा भाग अजून दिसे. कोणतेही सर्किट समोर आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दोघांचा पाय कोणता, ते आधी सांग."

"ही पहिली फळी, कॉमन एमिटर," ते म्हणत. "ऐकलेलं वाढवून सांगते, आणि उलटं करून सांगते."

"आमच्या सरपंचांसारखी?" मी विचारले.

"मी कुणाचं नाव नाय घेतलं, बाय." मग दुसऱ्या फळीवर बोट. "कॉमन बेस. रेडिओच्या कामाला हिच्यासारखी नाय. पण दारात आलेल्याला आधी दमवते, मग आत घेते." आणि तिसऱ्या फळीशी आल्यावर आवाज किंचित मऊ होई. "कॉमन कलेक्टर. ऐकलं तेवढंच सांगते. पण वजन उचलते."

मी वेवजीची. सकाळी जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू. ज्या गोष्टीने काही वाढत नाही, तिच्यावर वेळ घालवण्याची माझी तयारी नव्हती. तुलनेच्या तक्त्यात पहिल्या फळीचा व्होल्टेज गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, शंभराच्या वर, तिसरीचा एकाहूनही किंचित कमी. मी जर्नलमध्ये तिसरीपुढे लिहिले: 'उपयोग मर्यादित.' काकांनी ते खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढले.

त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर शेवटच्या वर्षी मिळाले. माझ्या प्रकल्पात मी कॉमन एमिटरचे दोन टप्पे एकापुढे एक जोडले होते. मीटरवर गेन देखणा होता. परीक्षेच्या दोन दिवस आधी मी त्याला स्पीकर लावला आणि आवाज मेला. स्पीकर काढला की मीटर पुन्हा झोकात.

"दोघांचा पाय कोणता?" काकांनी विचारले.

"दोन्हीकडे एमिटर."

"दोघं बोलणारेच घेतलेस गो. मग ओझं कोण उचलणार?"

त्यांनी भिंतीवरची तिसरी फळी उतरवली. तिच्यावर जाडा ट्रान्झिस्टर होता, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ती त्यांनी माझे सर्किट आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडली, बोट लावले, तळहात टेकवला, डोळे मिटले. घुं आवाजाने टेबल थरथरले. "बोलतोय."

मला धीर निघेना. मी इनपुटला माइक जोडला आणि मागच्या बाकावर जाऊन त्यात म्हणाले, "काका, ऐकू येतंय का?" स्पीकरमधून माझा आवाज खोलीभर घुमला. काकांनी मान वळवली नाही. तळहात पडद्यावर तसाच ठेवून, डोळे मिटून ते पुन्हा म्हणाले, "बोलतोय."

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तळहात काढून घेतला.

"किती दिवस?" मी विचारले. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"बोटीवरच्या इंजिनाने कान नेले थोडे थोडे. समोरून बोललं की कळतं." मग हळूच, "ऑफिसात नको सांगू गो बाय. भांडारात बसवतील."

परीक्षेला बाहेरून आलेले सर येरझाऱ्या घालत प्रश्न विचारणारे निघाले. प्रकल्प त्यांना आवडला. जाता जाता ते काकांच्या पाठीमागे थांबले आणि म्हणाले, "या फळ्या तुम्ही केल्यात? शेवटी कॉमन कलेक्टरच का लावला?"

काका तारा गुंडाळत राहिले. सरांच्या कपाळावर आठी उमटू लागली. विभागप्रमुख मॅडम दारातच होत्या. मी काकांच्या समोर गेले आणि सावकाश म्हणाले, "काका, सर विचारतात, या फळ्या तुम्ही केल्यात का, आणि शेवटी कॉमन कलेक्टरच का लावला." शब्द सरांचेच होते. मी एकही वाढवला नाही.

काका वळले. "हो सर, मीच केल्या. आधीच्या दोघांना स्पीकरचं वजन झेपत नाय. हिला झेपतं."

सर हसले आणि पुढे गेले. काका पुन्हा तारा गुंडाळू लागले. त्यानंतर माझ्या उरलेल्या परीक्षा संपेपर्यंत काकांना कोणी मागून हाक मारली की मी समोर जाऊन उभी राहत असे. निवृत्तीपर्यंत ते त्याच खोलीत राहिले. माझ्यानंतर समोर कोण उभे राहत होते, ते मी कधी विचारले नाही.

आता मी पुण्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपांचे आराखडे करते. यंदा कॉलेजात व्याख्यानाला गेले, तर भिंतीवर दोनच फळ्या होत्या. तिसरी काकांनी निवृत्तीच्या दिवशी रीतसर अर्ज करून मागून घेतली होती. काका गेल्याचेही मला तिथेच कळले.

दुसऱ्या दिवशी चिंचणीला गेले. त्यांच्या सुनेने ओटीवर नेले. खिडकीत जुना रेडिओ, त्याच्यापुढे चिकूच्या पेटीची फळी आणि तिला जोडलेला उघडा स्पीकर.

"आवाजाचा आम्हालाच त्रास व्हायचा," ती म्हणाली. "ते आपले संध्याकाळभर हात ठेवून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, बातम्या चालल्यात."

स्पीकरच्या कागदावर तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत डाग पडला होता. तिने रेडिओ लावला. मी त्या डागावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

बोलत होता.